झाकणावरचं कुंकू

दादा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी शाळेत हजेरी घेत होतो. खरं सांगतो, आधी आठवला तो त्याचा जुना ट्रक.

कर्जतहून खोपोलीकडे निघाला की थोड्या अंतरावर तो बंद पडायचा आणि जरा थांबलं की पुन्हा चालू व्हायचा. मिस्त्री म्हणाला, "इंजिन संपलं. भंगारात काढा."

दादा उसळला. "म्हातारं झालंय रं, मेलं नाय! आदी आजार तर शोध, मग तिरडी बांध."

पळसदरीजवळ ट्रक पुन्हा थांबला, तेव्हा दादाने डिझेलच्या टाकीचं झाकण उघडलं. सूं करून हवा आत शिरली आणि इंजिन लगेच सुरू झालं. वहिनी दर दसऱ्याला त्या झाकणाला ओलं हळद-कुंकू लावायची. त्या थरांनी झाकणातलं हवेचं भोक बुजलं होतं; टाकीत हवा शिरेना, म्हणून डिझेल इंजिनापर्यंत पोचत नव्हतं.

"मग वहिनींना सांगा, कुंकू बंद," घरी आल्यावर हे ऐकून मिस्त्री म्हणाला.

"का म्हणून? कुंकू लागंल आन् गाडीबी चालंल."

दादाने वहिनीच्या अंबाड्यातला आकडा मागून घेतला आणि भोक मोकळं केलं. पुढे दर दसऱ्याला पूजेनंतर तो हेच करायचा.

दादामागे यंदा पहिलाच दसरा. बायका कुजबुजत राहिल्या, तरी वहिनीने स्वतःच्या हाताने झाकणाला कुंकू लावलं. भोक मोकळं करायचं मात्र राहिलं.