मास्तरांच्या रेडिओत माझी हाक

माझं माहेर चांदवडच्या पलीकडं, कांद्याची शेती आमची, लग्न करून सातपूरला आले ते मालक कारखान्यात होते म्हणून, तीस वर्षं डबा केला त्यांचा, तिन्ही शिफ्टचा, आन् एक दिवस डबा न्यायला मालकच राहिले नाय. पोरगी तिच्या सासरी. मंग मागची खोली भाड्यानं दिली.

तिथं मास्तर आले. कुठल्या देशाचे ते नाय सांगणार, शब्द दिलाय. तिकडं पुस्तकं लिहायचे, म्हणून मीच मास्तर म्हणायची, तिथं जो राजा होऊन बसलाय त्याच्याविरुद्ध लिहिलं म्हणून पळावं लागलं. काय सांगू तुम्हाला, एवढा शिकलेला माणूस, पण दर रविवारी माझी गोधडी डोक्यावर घेऊन मोबाईलवरनं रेडिओला बोलायचा, बाहेरचा आवाज जाऊ नये म्हणून. तिकडची माणसं चोरून ऐकायची. कुठून बोलतो ते कळलं तर इथं येऊन मारतील मावशी, म्हणायचे, मोडक्या हिंदीत. मी दारात बसायची, भाजीवाल्याला पण ओरडू द्यायची नाय.

आन् मीच घात केला. आखाजी होती, म्हंजे अक्षय तृतीया. आमच्यात त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावानं कुणाला तरी पाटावर बसवून जेवू घालतात, पितर म्हणतात त्याला. मालकांच्या जागी कोण बसणार? मास्तर म्हणाले, मी बसतो मावशी. लय बरं वाटलं मला. आमरस, पुरणपोळी, सगळं वाढलं, आन् ऊन डोक्यावर आलं तरी मास्तर येईनात. रविवार नव्हता हो, मला काय माहीत तिकडं कुणाला तरी धरलं म्हणून हे घाईनं बोलायला बसलेत. दार ढकललं आन् हाक मारली, अहो मास्तर चला ना, पोळी गार झाली. गोधडीतला आवाज बंदच झाला. थेट चाललं होतं, माझं बोलणं तिकडं गेलं पण.

तरी पाटावर बसले, ताट संपवलं.

चार दिवसांनी तिकडं त्या राजाच्या माणसांनी त्यांच्या भावाला बोलावून माझा आवाज ऐकवला, ही बाई कोण, ही भाषा कुठली. भावानंच निरोप धाडला, निघ तिथनं. मास्तर मला एका शब्दानं बोलले नाय, पाया पडले आन् बॅग घेऊन गेले. बोलले असते तर बरं झालं असतं.

आता कुठं असतात मी विचारत नाय, त्यांनी सांगू पण नाय. सुखी राहोत. रविवारी मोबाईलवर त्यांचा तो रेडिओ लावून बसते, शब्द कळत नाय, खोकला तेवढा कळतो. परवा लय खोकत होते. त्यांचं बोलणं संपेस्तोवर तोंडातनं ब्र काढत नाय मी, खुळी म्हणाल, माझा आवाज काय आता तिकडं जायचाय का. संपलं की मंग मोबाईललाच विचारते, मास्तर, जेवलात का. घरात हसायला कोण हाय.