मास्तरांची पेटी

...नाही, पण माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा! सकाळी पालक, रात्री पालक, मध्येच भूक लागली तर काकडी... माणूस आहे की बकरी? तुम्हाला सांगतो, पूर्वी दवाखान्यात गेलं की गोळ्या मिळायच्या, गिळल्या की सुटलो. आता आमच्या दवाखान्यानं फूड बँकेशी संधान बांधलंय. डॉक्टरीणबाई तपासतात, मान हलवतात आणि औषधाच्या जोडीला भाजी लिहून देतात. मग तळमजल्यावर जायचं, खिडकीतल्या ताई आपल्या नावाची पेटी पुढे सरकवतात. फुकट! योजना चांगलीच आहे हो, माझी नोकरी गेल्यापासून ती पेटी नसती तर आमच्या घरी काय शिजलं असतं, देव जाणे. फक्त ताई प्रत्येकाला बजावतात, ‘ज्याची पेटी त्यानंच खायची हं.’ मला वाटलं, म्हणायची पद्धत असते एकेकाची.

आता आमच्या वरच्या मजल्यावर एक बँडमास्तर राहतात. एकटेच. जन्मभर ट्रम्पेट फुंकून छाती पोकळ झालेली, अंगावर मांस नाही, सारखा खोकला. त्यांना वजन वाढवायचं म्हणून पेटीत काय, तर लोणी, बटाटे, मध, बिस्किटं! आणि मला साखर, मला पोट, म्हणून पालक. जिन्यात दोघं आपापल्या पेट्या घेऊन उभे. मास्तर म्हणाले, तेलकट-तुपकट खाऊन शिसारी आली. मी म्हटलं, द्या इकडे. केली अदलाबदल. आता यात माझं काय चुकलं?

पहिल्यांदा मजा वाटली. बटाट्यावर लोणी घालून चापतोय, आणि पँट सैल होतेय! लोणी खाऊन बारीक होणारा माणूस पाहिलाय कुणी? मी खूश. मग खोकला लागला. कोरडा, आतून येणारा. मग जेवताना उजव्या हाताची बोटं आपोआप टेबलावर नाचायला लागली, दाबायची, सोडायची, दाबायची... अहो, मी आयुष्यात शिट्टीसुद्धा वाजवलेली नाही! आणि वरती मास्तर? जिन्यात भेटले. गाल भरलेले, आवाज खणखणीत, आणि शर्टाच्या बटणांतून डोकावत होतं ते पोट... तुम्हाला सांगतो, स्वतःचं पोट माणूस कुठंही ओळखतो. ते माझं होतं.

मी घाबरलो. हात जोडून म्हटलं, मास्तर, पेट्या परत बदलू. मास्तरांनी पोटावरून हात फिरवला, अगदी मी फिरवतो तसा, आणि शांतपणे म्हणाले, “राहू द्या हो. मला मानवलंय.”

मानवलंय म्हणे! धापा टाकत डॉक्टरीणबाईंना सांगायला गेलो, तर मास्तर आधीच बाकावर बसलेले. नर्सनं माझं नाव पुकारलं. मी उठेपर्यंत हा माणूस उठला, आत गेला आणि हसत बाहेर आला. त्याची... म्हणजे माझी साखर उतरली होती. मग मास्तरांच्या नावानं मला आत बोलावलं. मी सगळं भडाभडा सांगितलं, की बाई, मी मी आहे, तो जो गेला तो मी नव्हे! बाईंनी छातीला नळी लावली, खूप वेळ ऐकलं, आणि खांद्यावर हात ठेवून अगदी मायेनं बोलल्या. म्हणाल्या, आता जड काही नको, जे घशाखाली उतरेल तेवढंच घ्यायचं. खिडकीतल्या ताईंनी पेटी दिली. हलकी. आत नुसतं सूप. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्यांनी. यात माझं काय चुकलं हो? पालकाला कंटाळलो, एवढंच ना?

म्हटलं, जाऊ दे, सगळं जग चुकेल, पण बायको चुकणार नाही. इतकी वर्षं संसार केलाय, अंधारात नुसत्या खोकण्यावरून ओळखेल. तसाच घरी गेलो. दार लोटलं. माझ्या खुर्चीत मास्तर बसलेले, पुढ्यात पालक, तोंड वाकडं न करता खाताहेत, आणि आमची ही कौतुकानं वाढतेय. म्हटलं, “अगं, मी आलोय.”

तिनं वर बघितलं. डोळ्यांत अशी कणव, अशी कणव... पटकन पदराला हात पुसले, पाहुण्यांची खुर्ची पुढे ओढली, माझ्या हातातली पेटी घेतली, सूप गरम करून आणलं. म्हणाली, “बसा ना मास्तर. एकट्यानं कशाला जेवायचं? संकोच करू नका, आपलंच घर समजा.”

आता काय करता...? बसलो. तिनं विचारलं, आणखी थोडं वाढू का? म्हटलं, नको वहिनी, पुरे.