हेकरूचा उपास

संस्थेचे सन्माननीय अध्यक्ष शेषरावजी, तालुक्याहून वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे पंजाबरावजी, आजचे सत्कारमूर्ती निजामभाई, पहिल्या रांगेत बसलेल्या सुगराबी वहिनी, माझे सहकारी, पिंपळगावची मंडळी आणि विद्यार्थी मित्रहो,

आपले शिपाई निजामभाई आज सेवानिवृत्त होताहेत. मुख्याध्यापक या नात्यानं त्यांच्याविषयी चार शब्द बोलण्याचा मान मला मिळाला. मघाशी एका वक्त्यांनी थट्टेनं त्यांना ‘मासेखाऊ निजामभाई’ म्हटलं. सभागृह हसलं. निजामभाईही हसले. सुगराबी वहिनी मात्र हसल्या नाहीत, मी पाहत होतो. ही थट्टा या गावात आठ वर्षं चालू आहे. ती कुठून निघाली, हे आज मी बोललो नाही तर निजामभाई चोरीचा डाग घेऊन घरी जातील. म्हणून लिहून आणलेलं भाषण बाजूला ठेवतो.

जुन्या मंडळींना आठवत असेल, त्रेसष्ट साली शेषरावजींनी मुंबईला समुद्राचे मासे पाहिले आणि आपल्याही शाळेत काचेची पेटी हवी असं मनावर घेतलं. खारं पाणी पिंपांत भरून आगगाडीनं जलंबपर्यंत आलं, तिथून बैलगाडीनं इथं. सोबत वीतभर लांबीचा एक हेकरू, म्हणजे दुसऱ्या माशांवर जगणारा मासा, आणि बोटाच्या पेराएवढे सात निळे मासे, पिवळ्या शेपटीचे. सगळे एकाच पेटीत. मी तेव्हा नवा विज्ञान शिक्षक होतो, नोकरी अजून कायम व्हायची होती. मोठ्या ऐटीत मी सांगितलं, मोठ्याचं पोट रोज भरलं तर लहानांना धोका नाही. पुस्तकात वाचलं होतं. पण रोज ते पोट कोण भरत होतं? निजामभाई. सुगराबी वहिनी मटणाचे बारीक तुकडे करून द्यायच्या, निजामभाई ते काठीच्या टोकाला लावून हेकरूला भरवायचे. वीज गेली की सायकलच्या पंपानं पाण्यात हवा सोडत बसायचे, तास तास. दीड महिना सातही निळे मासे जिवंत होते. पुस्तक माझं, मेहनत त्यांची.

मग श्रावण लागला. मंगळवारी शिक्षण खात्याचे मोठे साहेब पेटीचं उद्घाटन करायला येणार होते. शनिवारी मी निजामभाईंना सांगितलं, ‘उद्यापासून शाळेत मांस आणायचं नाही. परवा श्रावणी सोमवार आहे. कणकेच्या गोळ्या टाका.’

आपण तळ्यावर माशांना कणकेच्या गोळ्या टाकतो, पुण्य मिळवतो. मला वाटलं, मासा तो मासा.

निजामभाई म्हणाले, ‘सर, पोट भरलं तर तो गाय हाय. उपाशी ठेवसान, तर लहान्यायची खैर नाही. मधात एक काच तरी टाकू द्या मले.’

मी म्हणालो, ‘पेटीची शोभा जाईल.’ वर हसून असंही म्हणालो की श्रावणात दोन दिवसांचा उपास त्यालाही सोसेल. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

मंगळवारी शेषरावजींनी साहेबांसमोर पेटीवरचं कापड काढलं. आत हेकरू. शिंपल्याच्या आड एक निळा मासा, थरथरत. बाकी पाणी रिकामं.

शेषरावजी, आपण विचारलंत, ‘बाकीचे कुठी गेले?’

मग गर्दीतून आवाज आला, ‘निजामभाईच्या हंडीत पाहा ना.’ लोक हसले. साहेबही हसले. आपण निजामभाईंकडे पाहिलंत आणि म्हणालात, ‘खरं सांग, काय केलं तू?’

मंडळी, आता सांगतो ते फक्त दोन माणसांना माहीत आहे. मी पेटीला अगदी खेटून उभा होतो. हेकरूच्या ओठांतून पिवळ्या शेपटीचं टोक बाहेर आलेलं होतं. अजून हलत होतं. मी बोट दाखवलं असतं, तर तिथंच निवाडा झाला असता. पण लगेच पुढचा प्रश्न आला असता, त्याला उपाशी कोणी ठेवलं? मी एक पाऊल सरकलो आणि काचेपुढं उभा राहिलो. माझ्या पाठीमागं हेकरूनं तो घास गिळला.

निजामभाईंनी ते पाहिलं. त्यांनी माझ्याकडंही पाहिलं. मग अध्यक्षांना एवढंच म्हणाले, ‘म्या खाल्ले नाहीत, साहेब.’ माझं नाव घेतलं नाही.

अध्यक्षमहाराज, क्षमा असावी, बसून घ्या. मला पुरं करू द्या.

त्याच दिवशी त्यांच्याकडून पेटीचं आणि प्रयोगशाळेचं काम काढून घेतलं, हातात घंटा आणि पाण्याची घागर दिली. पुढच्या वर्षी मी कायम झालो, मग मुख्याध्यापक झालो. एकदा धीर करून मी त्यांना विचारलं, का बोलला नाहीत? ते म्हणाले, ‘सर, माह्यं कोणी आयकलं असतं काय? तुमी बोलाल म्हणून थांबलो होतो.’

आठ वर्षं ते थांबले. आणि मी? रोज सकाळी त्यांच्या हातचं पाणी पीत होतो आणि मूग गिळून बसत होतो. मला माझी लाज वाटते, मंडळी. फार लाज वाटते.

सुगराबी वहिनी, तुम्हाला ठाऊकच आहे, या माणसानं एकही मासा घरी नेला नव्हता. विद्यार्थ्यांनो, तुम्ही घरी जाऊन हे सांगा.

पाहुण्यांचे, संस्थेचे आणि एवढा वेळ ऐकून घेणाऱ्या आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर ते पोटात घाला. चुकीची माफी मात्र मी सभागृहाकडे मागत नाही, ती द्यायचा अधिकार इथं एकाच माणसाला आहे.

कार्यक्रमपत्रिकेत पुढं लिहिलं आहे, मुख्याध्यापकांच्या हस्ते शाल. निजामभाई, ही शाल माझ्या हातून घ्यायची की नाही, ते तुम्ही ठरवा. नको म्हणालात, तर ती शेषरावजी घालतील, आणि मी खाली जाऊन बसेन.