डावी वायर, पण कुणाची डावी?

...अहो, दोन्ही उपटल्या त्यांनी, दोन्ही! एकदम! तुम्हाला सांगतो, दोन सिलेंडरच्या जुन्या मोटरसायकलच्या प्लगवायरी बदलायच्या तर नियम एकच, शेंबडं पोरही सांगेल... एक काढायची, तिच्या जागी नवी लावायची, मगच दुसरीला हात घालायचा. का? तर इकडची वायर तिकडच्या प्लगला गेली की ठिणगी भलत्याच वेळी पडते आणि गाडी सुरू व्हायच्या ऐवजी शिव्या घालायला लागते! मी नव्या वायरी आणायला दुकानात काय गेलो, परत येऊन बघतो तर आमचे तीर्थरूप दोन्ही हातांत दोन जुन्या वायरी लोंबकळवत उभे, साप मारल्यासारखे! वर म्हणतात, "तुझं निम्मं काम करून ठेवलं बघ." निम्मं! आणि दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं म्हणून या घरात अर्धवट कोण? मी!

आता तुम्ही म्हणाल, एवढं डोकं फिरायला झालं काय? अहो, दुसऱ्या दिवशी सकाळी मला कुरियरच्या ऑफिसात गाडी घेऊन हजर व्हायचं होतं! मालकाने तोंडावर सांगितलेलं, "चालती गाडी दिसली तर काम, नाहीतर तुझ्यामागे रांग आहे." त्यात बाबांनी आपलं वेगळंच शेपूट जोडलेलं, "संध्याकाळपर्यंत सुरू झाली तर गाडी तुझी. नाही झाली तर भंगारवाल्याला बोलावतो, आणि तू मुकाट्याने कॉलेजात!" म्हणजे अट घालणार हेच आणि खोडा घालणारही हेच! नुकतेच रिटायर झालेत ना, दिवसभर घरात नुसते किडे करतात!

विचारलं, "बाबा, टाकीखाली ठिणगीचा करंट देणाऱ्या दोन कॉईल आहेत. कुठल्या कॉईलची वायर कुठल्या प्लगला होती?"

"लक्षात आहे माझ्या! वरच्या कॉईलची डावीकडे."

लक्षात! चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधणारा माणूस हा! पण बाप पडला, काय बोलणार? मापाने वायरी कापल्या, कॉईलमध्ये पिळून बसवल्या, कॅपा चढवल्या, वरची डावीकडे, खालची उजवीकडे, आणि मारली किक...

धाड्!

सायलेन्सरमधून असा बार निघाला की समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बाईंच्या हातून बादली सुटली. मी म्हटलं, "वायरी उलटसुलट झाल्यात." तर म्हणतात, "वायरीच हलक्या आणल्यास तू!" पुन्हा किक, पुन्हा धाड्! "थांब, ठिणगी येते का बघतो," म्हणून कॅप काढून थेट वायरीच्या टोकाला बोट! मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत माझ्या पायाखालची किक खाली गेलेली... हे टुणकन उडाले, केस ताठ, आणि काय म्हणाले माहितीये? "येतोय, करंट येतोय!" आणि अर्धवट कोण? मी!

किक मारून मारून पोटरीत गोळे आले. यांचं तुणतुणं चालूच, "हातात घेतलेलं काम तडीस न्यायची सवयच नाही तुला." असं वाटलं, ती वायर घ्यावी आणि... जाऊ द्या. शेवटी त्या आवाजाने आई बाहेर आली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अहो, वायरी काढल्यात तेव्हा तुम्ही उभे कुठे होतात?"

"कुठे म्हणजे? समोर! हेडलाईटशी!"

"मग तुमचं डावं ते गाडीचं उजवं नाही का झालं?"

बाबा आपले दोन्ही हात उलटसुलट करून बघायला लागले. "एवढी वर्षं तोंडासमोर उभी आहे तुमच्या," आई म्हणाली, "डावं-उजवं कोणी कुणाचं धरायचं, हे मला नका शिकवू."

वायरींची अदलाबदल केली. एक किक! एकच! अशी सुरू झाली, असा गोड आवाज की राग कुठल्या कुठे... आणि शेजारून हे काय म्हणाले? "बघ, मी म्हणतच होतो, डावी डावीकडे!" सांगा तुम्हीच, अर्धवट कोण?

बरं, सकाळी अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, खाली येतो तर गाडी गायब! आई म्हणते, "तुझ्या मालकाला भेटायला गेलेत. पोराला सांभाळून घ्या, एवढंच सांगून येतो म्हणाले." तोवर फोन वाजला. मालक! "तू येऊ नकोस रे. तुझ्या वडिलांनाच घेतलं कामावर. पोक्त माणूस, सगळ्या गल्ल्या पाठ, आणि मुख्य म्हणजे गाडी स्वतःच्या हाताने दुरुस्त करतात म्हणे!"

हा डबा ना? त्यांचाच. आई म्हणाली, नेऊन दे रे, पहिलाच दिवस आहे त्यांचा... चालतच निघालोय.