साडूचे दात

नाही नाही, बोलू नका डॉक्टर, फेस जाईल तोंडात — नुसत्या भुवया उचला, मला कळतं. हां, तर काय सांगत होतो, आमचे साडू. तुम्ही वरच्या मजल्यावर दातांचा दवाखाना टाकलात तेव्हापासून विचारीन विचारीन म्हणतोय, आज सापडलात वस्तऱ्याखाली! तर साडूंचे दात लांब झालेत. आता या वयात दात वाढतात का? नाही ना? मग हिरड्याच वर सरकल्या म्हणायच्या — पिवळी पिवळी मुळं दिसतात, मुळाशी खाच पडलीय, नख लावलं तर अडकतं. गार पाणी प्यायले की कळ थेट कानात. मान जरा इकडे... हां, अशी.

तसा माणूस फार स्वच्छ हो. तेच तर नडलं. एकदा एक गिऱ्हाईक भर दुकानात म्हणालं, "जरा लांबून बोला, वास येतो." सगळे माना खाली घालून हसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून जेव्हा बघावं तेव्हा दात घासणं चालू — कडक ब्रश, करपलेलं पातेलं घासावं तसं — आणि रक्त आलं की वाटायचं, चला, घाण निघाली! काय? दुकान कुठलं? साडूंचं... नाही, ते कारकून आहेत... आता कारकुनाकडे गिऱ्हाईक कुठून आलं, ते राहू द्या, हसू नका, वस्तरा आहे हातात.

खरा घोर बायकोचा आहे. साडूंच्या बायकोचा — म्हणजे माझ्या मेहुणीचा. तिला वाटतं नवऱ्याचं मन उडालं आपल्यावरून. का नाही वाटणार? घरात हसणं बंद, जेवायला भिंतीकडे तोंड, ती जवळ आली की मान फिरवायची. परवा रडली बिचारी. म्हणाली, "माझं काय चुकलं ते तरी सांगा." आणि मी आपला गप्प — तोंड उघडलं असतं तर दिसलं असतं ना सगळं...

मी म्हणालो का? "मी"? म्हणालो वाटतं.

मला साडूच नाही, डॉक्टर. बायको एकुलती एक आहे.

हा मास्क बघून गिऱ्हाइकं म्हणतात, किती काळजी घेतो हा माणूस! कसली काळजी, लाज झाकतोय. तुमचा जिना चढून कितीदा परत आलो — आत गेलं की आधी तोंडच उघडायला सांगणार तुम्ही. आणि आता खालचा एक दात हलायला लागलाय, जीभ लावली तरी हलतो. रगडून घासल्यानंच झालं का हे? एक भुवई उचललीत, म्हणजे तेही असेल, दुसरंही काही असेल. गंमत बघा, कारागिरांना दिवसभर ओरडतो, हात हलका ठेवा रे, कातडी आहे, लाकूड नाही — आणि स्वतःच्या हिरड्यांवर मात्र रंधा मारत बसलो! उशीर झाला का हो फार? अहो मान नका हलवू, कापेल!

झालं. हा घ्या टॉवेल. बोला आता.

गेलेली हिरडी आपली आपण परत येत नाही... बरं. पण उरलंय ते वाचवता येतं? आणि रक्त येत होतं तेव्हाच यायला हवं होतं, हो, कबूल. उद्या येतो मग, नक्की... दात हलतोय तर उद्या कशाला? आत्ता? इथेच बसू, या खुर्चीत? अहो, रस्त्यावरून दिसतं सगळं — थांबा, पडदा ओढतो. आणि घरी आज सांगतो, तिचं काही चुकलं नाही म्हणून, तोंड वर करून सांगतो. बसलो. हा काढला मास्क. हसणार नाही ना? बत्ती जरा जवळ घ्या, आणि डॉक्टर... हात तेवढा हलका ठेवा.

आऽऽ —