बियाचा गुलाब

शेषरावचा जन्म वलगावच्या नर्सरीत गेलेला. अचलपूरच्या बसमध्ये पुढच्या सीटवरच्या बाईच्या मांडीवर गुलाबाचं रोप दिसलं, तसे त्याचे कान टवकारले.

“जमुना, कलम हाय का वं हे?” तिच्या शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं.

“नाई आरतीबाई, बियाचं हाय. माह्या तान्ह्या लेकीले पुरलं तिथं गुलाबाची काडी लावली होती ना, तिले फळं धरली. त्यातलं बी.”

“बियानं गुलाब उगवते?”

“उगवते. पन आधी दोन महिने ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमंधी ठेवा लागते.”

“अन् तू तवा फ्रिजपाशीच झोपे म्हने?”

“तिले एकटीले गारठ्यात कशी ठेवू?”

“बाई! मंग आता माहेरी नेऊन कावून ठेवून राहिली?”

“ते वाकते वं. माह्याकडे.”

रोप उजेडाकडे वाकतं, कुंडी रोज फिरवत जा, हे शेषरावच्या अगदी ओठावर आलं होतं.

“कुंडी फिरवून पाह्यली. सकाळी पाहावं तं पुन्हा माह्याच तोंडाकडे. पयले बरं वाटे मले. पन आठ दिवस झाले, तोंडाकडे नाई वाकत. पोटाकडे वाकते.”

खिडकीतलं ऊन थेट रोपावर पडलं होतं. तरी त्याचा शेंडा उन्हाकडे पाठ करून जमुनाच्या पदराला टेकला होता. शेषरावनं पाय आखडून घेतले.

“पोटाकडे? जमुना, कितवा महिना वं?”

“दुसरा. आजून घरी कोनालेच सांगतलं नाई.”