चाळिसाव्या पानावरची छत्री

नाव: सांगितले आहे; माझ्या आग्रहावरून वेगळ्या कागदावर लिहून पाकिटात बंद केले. वय: ५३ वर्षे. व्यवसाय: ग्रंथपाल, सार्वजनिक वाचनालय. राहणार: वाचनालयामागच्या गल्लीत, औषधाच्या दुकानावर, दुसरा मजला.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर मुलगा व सुनेसह राहते. वाचनालयात मी सव्वीस वर्षे नोकरीला आहे. आज सकाळी शिपाई निरोप घेऊन आला. मला पुरावा नष्ट केल्याच्या संशयावरून बोलावले आहे, असे त्याने जिन्यात उभे राहून, खालच्या औषधवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले. त्याबद्दलची माझी तक्रार नंतर वेगळी लिहून घेऊ, असे फौजदार साहेब म्हणाले. नंतर कोणी लिहून घेत नाही हे मला बुधवारीच कळले आहे, म्हणून ती इथेच लिहायला लावली.

ज्या बाईबद्दल चौकशी चालू आहे ती कपडे दुरुस्त करण्याच्या दुकानात शिवणकाम करत असे. ती आमची दहा-अकरा वर्षांची सभासद आहे. वाचनालयात सगळे तिला छत्री म्हणतात. का म्हणतात ते विचारल्यावरून सांगते.

आमच्याकडे पुस्तक परत आले की ते कोणी नेले होते, हे संगणकातून पुसले जाते. पुस्तक बाहेर आहे तोवर नाव दिसते, आत आले की पाटी कोरी. कोणी काय वाचले हे कोर्टाच्या लेखी हुकुमाशिवाय कोणाला सांगायचे नाही, असा नियमही सभासदांनी सभेत करून घेतला आहे. याने एक पंचाईत होते. भरपूर वाचणाऱ्यांना हे पुस्तक आपण आधी वाचले की नाही ते आठवत नाही. घरी नेऊन निम्मे वाचल्यावर कळते की खुनी कोण ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून जुने वाचक प्रत्येक पुस्तकात एका ठरलेल्या पानावर पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवतात. सुईणआजी सतराव्या पानावर फुली मारतात. सलूनवाले काका शेवटच्या पानावर एक टिंब देतात. घर सोडून गेलेली बाई चाळिसाव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात छत्री काढते. वर कमान, मधे दांडी, खाली वाकडी मूठ. पुस्तकात लिहू नये अशी पाटी माझ्याच टेबलावर आहे. या खुणांना मी लिहिणे समजत नाही.

मागच्या हिवाळ्यातल्या तिच्या छत्र्या वेड्यावाकड्या आहेत. तेव्हा तिचा उजवा हात गळ्यात होता आणि ती डाव्या हाताने काढत होती. मी विचारले तर म्हणाली, "जिन्यावरून पडले, मावशी." ती तळमजल्यावर राहते.

तिच्या नवऱ्याचे गॅरेज आहे. या ठाण्याच्या गाड्या त्याच्याकडे दुरुस्त होतात. बाहेर उभ्या असलेल्या जीपच्या काचेवर त्याच्या गॅरेजचा स्टिकर आहे. याचा इथे संबंध नाही, असे फौजदार साहेब म्हणाले. संबंध आहे म्हणून मी सांगत आहे.

तीन आठवड्यांपूर्वी ती शेवटची आली, तेव्हा तिने तिच्याकडची सगळी पुस्तके परत केली. कोणती ते मी सांगणार नाही. एकाची मुदत अजून बाकी होती. मी म्हटले, "ठेव की गं, वाचून झालं नसेल." ती म्हणाली, "राहू दे. कुणाचं काही माझ्याकडे अडकून नको." दुसऱ्या दिवशी नवऱ्याने ती बेपत्ता असल्याची आणि तिला कोणीतरी फूस लावून पळवल्याची तक्रार दिली. पळवून नेलेला माणूस आदल्या दिवशी वाचनालयाची पुस्तके परत करून, पावती मागून घेत नाही. तिने पुस्तके परत केल्याचे मी इथे सांगितले ते केवळ ती आपल्या पायांनी गेली हे कागदावर राहावे म्हणून. याहून जास्त मी सांगणार नाही.

सोमवारी नवरा एकटा आला. म्हणाला, "मावशी, ती काय काय वाचायची ते जरा बघून सांगा. काळजीने जीव अर्धा झालाय." मी म्हटले, अशी यादी आमच्याकडे राहत नाही, आणि राहत असती तरी दिली नसती.

"अहो, मी नवरा आहे तिचा."

"नवऱ्याचं नाव अर्जावर असतं. वाचण्यात नसतं."

"म्हणजे बायको काय वाचते ते नवऱ्याला कळायचं नाही? मग काय शेजाऱ्याला?"

"शेजाऱ्यालाही नाही."

तो हसला आणि टेबलावर बोटांनी ताल धरून थोडा वेळ उभा राहिला. मग गेला.

बुधवारी दुपारी तो या ठाण्याच्या हवालदारांना घेऊन आला. हवालदार वर्दीत होते. मी कागद मागितला.

हवालदार म्हणाले, "बाई, पुस्तकांची यादी मागतोय, तिजोरीची किल्ली नाही."

मी म्हटले, "किल्ली मागितली असतीत तर एवढी अडचण नव्हती. तिजोरीत झाडूच ठेवलाय."

"वर्दी दिसत नाही का?"

"वर्दी दिसते. कागद दिसत नाही."

तेवढ्यात नवऱ्याने कपाळावर हात मारून घेतला. "अहो, यादी कशाला हवी! ती छत्री काढते. प्रत्येक पुस्तकात. घरी मी किती हसलोय तिला त्यावरून."

आमची कपाटे उघडी असतात. कोणीही कोणतेही पुस्तक काढून कोणतेही पान पाहू शकतो. हा नियमही आमचाच आहे आणि सव्वीस वर्षांत मला त्याची चीड आली ती त्या दुपारी. मला त्यांना अडवता येईना. ते दोघे कादंबऱ्यांच्या कपाटासमोर फतकल मारून बसले आणि एकेक पुस्तक काढून चाळिसावे पान उघडू लागले. पाहून झालेले पुस्तक जमिनीवर उपडे टाकत होते. छत्री सापडली की नवरा ओरडायचा, "ही बघा, हीसुद्धा! रात्र रात्र दिवा जाळत हेच धंदे." हवालदार नाव टिपून घ्यायचे. एका ठिकाणी हवालदार म्हणाले, "वहिनींना विधवांच्या गोष्टी फार आवडायच्या वाटतं." दोघेही हसले. वाचनकक्षात त्या वेळी दहा-बारा वाचक होते. त्यातले कोणी हसले नाही.

सात वाजता मी दिवे मालवायला घेतले. तोवर कादंबऱ्या आणि कथा एवढेच झाले होते. नवऱ्याने उठताना पुढच्या कपाटावर थाप मारली. त्यात भाषा, प्रवास आणि उद्योगधंद्याची पुस्तके आहेत. तो म्हणाला, "खरा माल इथे आहे. उद्या तुमची सुट्टी ना? शुक्रवारी येतो. कुठली भाषा शिकत होती आणि कुठला धंदा, एवढं कळलं की गाव काढायला कितीसा वेळ. मग बघतोच." शेवटचे दोन शब्द त्याने हसत म्हटले. ते जसेच्या तसे लिहावेत.

मी वाचनालय बंद करून तशीच इथे आले आणि तक्रार सांगितली. त्या वेळी टेबलावर बसलेले अंमलदार म्हणाले, "नवरा बायकोला शोधतोय, यात तक्रार कसली? सगळे नवरे असे असते तर बायकांनी नशीब काढलं असतं." त्यांनी काहीही लिहून घेतले नाही. पेनाचे टोपणसुद्धा काढले नाही.

गुरुवारी वाचनालयाला सुट्टी असते. त्या दिवशी वाचनालय उघडे होते का, असे विचारले. होते. किल्ली माझ्याकडे असते आणि ते मीच उघडले. जमिनीवर उपड्या पडलेल्या पुस्तकांना धूळ लागली होती. एकदा झाडायला घेतलेच आहे तर सगळीच कपाटे झाडावीत, असे मला वाटले. काही सभासद मदतीला आले. किती आले ते मोजले नाही. कोण आले ते सांगणार नाही. वाचनालयात कोण आले याची नोंद आम्ही ठेवत नाही. मी माझी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली होती आणि दिवसभर कापडाने पुस्तकांच्या पाठी पुसत होते. माझ्या मागे कोण काय करत होते ते मी पाहिले नाही. वाचक पुस्तकांत काय करतात हे न पाहणे हीच माझी नोकरी आहे.

पेन्सिली कोणी पुरवल्या, असे विचारले. पेन्सिली वाचनालयाच्या टेबलावर नेहमीच असतात. माझ्या बोटांना शिसे लागले आहे, असे फौजदार साहेबांनी दाखवून दिले. ते बरोबर आहे. सव्वीस वर्षे लागलेले आहे.

शुक्रवारी दहा वाजता नवरा व हवालदार आले. नवऱ्याने भाषेच्या कपाटातले पहिले पुस्तक काढले. त्यात छत्री होती. तो खूश झाला. दुसऱ्यात होती. तिसऱ्यातही होती. वर्षभरात कोणालाही शिकता येणार नाहीत इतक्या भाषांच्या पुस्तकांत होती. मग त्याने धंद्यांची पुस्तके काढली. मधमाशा, छपाई, कुक्कुटपालन, काचकाम, विहिरी खोदणे, सगळ्यांत चाळिसाव्या पानावर छत्री. हवालदारांनी आयकराचे मार्गदर्शक काढले, त्यात होती. मधुमेहावरच्या पुस्तकात होती. शब्दकोशात होती. लहान मुलांच्या एका गोष्टीच्या पुस्तकाला बत्तीसच पाने आहेत, त्याच्या मागच्या कोऱ्या पुठ्ठ्यावर कोणीतरी "पान चाळीस" असे लिहून छत्री काढली होती. काही छत्र्या कापऱ्या हाताने काढलेल्या होत्या, काही चांगल्या रेखीव होत्या. एकीखाली बेडूक होता.

हवालदार वाचनकक्षात जाऊन ओरडले, "हे कोणी केलं?"

सुईणआजी म्हणाल्या, "मी. मी छत्रीच काढते."

"आजी, खोटं बोलू नका. वयाला शोभत नाही."

"वयाचं काढू नकोस. तुला मीच बाहेर ओढलाय. त्या दिवशी तुझी आई तुझ्या बापाला काय काय म्हणाली, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगू?"

सलूनवाले काका म्हणाले, "मीही छत्रीच काढतो. आभाळ भरून आलं होतं हो." मग कोपऱ्यातून आणखी कोणी, मग आणखी कोणी, सगळेच मी मी म्हणू लागले. नवऱ्याने हातातले पुस्तक माझ्या दिशेने फेकले. ते मला लागले नाही, टेबलाला लागले. त्याची बांधणी सुटली आहे. तो म्हणाला, "म्हातारे, तुला बघून घेईन." हे हवालदारांसमोर घडले. हवालदार त्या वेळी खिडकीबाहेर पाहत होते.

नंतर हवालदारांनी सर्व पुस्तके मुद्देमाल म्हणून जप्त करीन, असे सांगितले. मी म्हटले, जरूर करा, साडेअकरा हजार आहेत, प्रत्येकाचा पंचनामा करा आणि प्रत्येकाची पावती द्या; जीपच्या फेऱ्यांचे पेट्रोल गॅरेजवाले देतीलच. ते एकही पुस्तक न घेता गेले.

मी पुरावा नष्ट केला काय, असे विचारल्यावरून सांगते की, पुरावा कोणत्या गुन्ह्याचा ते आधी मला सांगावे. चौतीस वर्षांच्या बाईने घर सोडणे हा गुन्हा असल्यास तसे लिहावे. तिने पुस्तक वाचणे हा गुन्हा असल्यास तसे लिहावे. फौजदार साहेबांनी यातले काहीही लिहायला सांगितले नाही. हात मोडणे हा गुन्हा आहे की नाही, हे मी त्यांना विचारले. त्याची वेगळी तक्रार लागेल आणि ती त्या बाईनेच द्यायला हवी, असे ते म्हणाले. ती देऊ शकेल इतकी लांब तिला आधी जाऊ द्या, असे मी म्हटले.

घर सोडून गेलेली बाई कुठे आहे, असे विचारले. मला माहीत नाही. माहीत असते तरी सांगितले नसते. दुसरे वाक्य लिहू नका, त्याने तुमचेच नुकसान होईल, असे फौजदार साहेब चांगुलपणाने म्हणाले. ते लिहिल्याशिवाय मी उठणार नाही असे सांगितल्यावर लिहिले.

माझी मागणी अशी आहे की, घर सोडून गेलेली बाई पोलिसांना भेटलीच, तर पहिल्यांदा तिला विचारावे की ती कुठे आहे ते नवऱ्याला सांगायचे का. ती नाही म्हणाली तर सांगू नये. हवालदारांनाही सांगू नये, कारण ते एकच आहे. नवऱ्याने मला दिलेल्या धमकीची आणि फेकलेल्या पुस्तकाची नोंद आजच व्हावी.

हा जबाब लिहून झाल्यावर मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. ऐकताना माझ्या लक्षात आले की, मी "घर सोडून गेलेली" असे सांगितले त्या तिन्ही ठिकाणी जबाब उतरवून घेणाऱ्या लेखनिकांनी "बेपत्ता" असे लिहिले होते. अर्थ तोच होतो, असे ते म्हणाले. तोच होत नाही. ती बेपत्ता नाही. तिला पत्ता आहे, तो नवऱ्याकडे नाही, एवढेच. तिन्ही ठिकाणी तो शब्द माझ्यासमोर खोडला, वर मी सांगितलेले शब्द घातले आणि प्रत्येक खोडीशेजारी माझी सही घेतली. आता हा जबाब मी सांगितला तसा आहे.